लग्नाची नोंद कुठे शोधायची?
कुळशोध : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आली आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात मिळतात, पण लग्नाची काही केल्या सापडत नाही, ही जवळजवळ सगळ्यांची तक्रार. आमचा सल्ला असा की, कागद हाती घेतला की तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे आधी पाहा. त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, ते त्यावरून ठरतं.

प्रश्न : आजोबांचं लग्न १९३८ च्या सुमारास अमळनेर तालुक्यात झालं. ग्रामपंचायत आणि तहसील दोन्हींकडून 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर आलं. दप्तर नष्ट झालं असेल का?

बहुधा नोंद झालीच नसावी. हिंदू लग्नाची सरकारदरबारी नोंद होण्याची वाट मुंबई राज्यात १९५३ च्या विवाह नोंदणी कायद्याने खुली झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही नोंदणीची तरतूद आली, पण खेड्यापाड्यांत ती कोणी मनावर घेतली नाही. आज ग्रामपंचायतीत होते ती नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखालची आहे. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४. त्यात जन्म आणि मृत्यू असतात, लग्नाचा रकानाच नसतो.

मग लग्नाचा पुरावा शोधायचा कुठे? आमच्या मते जमिनीच्या कागदांत, आणि तोही फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं किंवा हक्क बदलल्याच्या नोंदीत. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावचा जुना सातबारा काढा. त्यावर नावांजवळ गोल केलेले आकडे दिसतील, ते फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाची गाव नमुना ६ मधली नोंद मागा, आणि वारसाची असेल तर ६-क सुद्धा. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. बरेच जुने सातबारे आणि फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत.

नोंद वाचताना नावांमधले छोटे शब्द सोडू नका. 'गोविंदा बिन महादू' म्हणजे महादूचा मुलगा. 'राधाबाई कोम गोविंदा' किंवा 'राधाबाई भ्र. गोविंदा' म्हणजे गोविंदाची बायको. हा 'कोम' किंवा 'भ्र.' लग्नाचा थेट पुरावा आहे. 'अ.पा.क. आई' असं असेल तर वारस त्या वेळी अज्ञान (अल्पवयीन) होता आणि आई पालनकर्ती होती. म्हणजे मृत्यूचं साल आणि मुलाचं अंदाजे वय जुळवून लग्न साधारण कोणत्या पाचसात वर्षांत झालं ते बांधता येतं.

इथे एक तारीख ध्यानात ठेवा, १७ जून १९५६. त्या दिवशी हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याआधीच्या वारस नोंदीत सहसा मुलगे आणि विधवा एवढंच येतं, मुलींचा पत्ता नसतो. त्यानंतर मुलीही वारस झाल्या आणि त्यांची नावं सासरच्या नावागावासकट येऊ लागली. बापाचा मृत्यू १९६२ चा असेल तर १९३८ ला लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नावही त्यात असू शकतं. त्याच्याच पाठीवर बहिणींनी भावांच्या नावे करून दिलेलं हक्कसोड पत्र निघालं तर फारच उत्तम. त्यात प्रत्येक बहिणीचं वय, नवऱ्याचं पूर्ण नाव आणि राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूचीत शोधता येतं. आजीचं माहेर शोधणाऱ्याने आजोबांच्या जमिनीपेक्षा आजीच्या बापाच्या आणि भावांच्या जमिनीचे फेरफार काढावेत. हे फार थोडे लोक करतात, बाकीचे तिथेच अडतात.

प्रश्न : आईवडिलांचं लग्न १९७४ चं, पण पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र २००६ मध्ये काढलं. त्यावरची लग्नाची तारीख आणि घरच्या पत्रिकेवरची तारीख जुळत नाही. कोणती खरी मानू?

पत्रिका. ती लग्नाआधी छापली गेली आणि पाहुण्यांना त्या दिवशी यायचं होतं. प्रमाणपत्रावरची तारीख बत्तीस वर्षांनी अर्जदाराने सांगितलेली आहे. फक्त एवढं पाहा की ऐनवेळी सुतक किंवा आजारपणामुळे लग्न पुढे ढकललं होतं का. तसं घरच्यांना आठवत नसेल तर पत्रिकाच धरा.

पण तेवढ्यावर थांबू नका. प्रमाणपत्र हा त्या नोंदीतला सर्वांत कमी माहितीचा कागद. ते ज्यावरून तयार होतं ते ज्ञापन, म्हणजे नमुना 'ड', जास्त मोलाचं. त्यात दोघांचं लग्नाच्या वेळचं वय, आधीची वैवाहिक स्थिती, लग्नाचं ठिकाण, तीन साक्षीदारांची नावं-पत्ते-सह्या आणि लग्न लावणाऱ्या भटजीची किंवा काझीची सही असते. साक्षीदार बहुतेक वेळा मामा, काका किंवा मेहुणे असतात. अर्जात 'प्रमाणपत्राची प्रत' न लिहिता 'विवाह नोंदणी ज्ञापन व नोंदवहीचा उतारा' असं लिहा.

वयाबद्दल जरा सावध राहा. शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला तेव्हा मुलीचं किमान वय १४ होतं. १९४९ मध्ये ते १५ झालं आणि १९७८ मध्ये १८. मुलाचं १८ वरून २१ झालं तेही १९७८ मध्ये. उशिरा केलेल्या नोंदणीत लोक आजच्या कायद्याच्या धाकाने वय वाढवून सांगतात. मुलीचं वय नेमकं १८ आणि मुलाचं नेमकं २१ दिसलं की शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहा.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर रीत वेगळी. तिथे तीस दिवसांची नोटीस लागते, आणि नोटीस बुक व प्रमाणपत्र बुक दोन्ही विवाह अधिकाऱ्याकडे पाहायला मिळतात. मात्र आधी धार्मिक पद्धतीने झालेलं लग्नही या कायद्याखाली नंतर नोंदवता येतं. म्हणून नोंदणीच्या तारखेला लग्नाची तारीख समजू नका.

प्रश्न : माळ्यावर एक आहेराची वही आणि फाटकी लग्नपत्रिका मिळाली. दोन्हींवर साल नाही. काळ कसा ठरवावा? (धरणगाव)

आहेराच्या वहीत आधी पैशांचे आकडे पाहा. 'रु. १-४-०' असं तीन घरांत लिहिलं असेल तर तो रुपये-आणे-पैचा हिशेब. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. जुनी सवय काही वर्षं टिकली, तरी पानोपान आणे असतील तर वही १९६० च्या पुढची नाही असं धरायला हरकत नाही. एकाच वहीत आणे आणि नये पैसे दोन्ही असतील तर काळ आणखी बारीक होतो. पण एक घोटाळा हमखास होतो. एकच वही घरातल्या दोनतीन लग्नांना वापरलेली असते. शाई, हस्ताक्षर आणि मध्ये सोडलेलं कोरं पान बघून आधी वहीचे भाग पाडा, मगच नावं उतरवा.

नावं उतरवताना गाव आणि आहेराचा प्रकार दोन्ही लिहा. नुसता रुपया देणारा गावकरी असतो. लुगडं, पातळ, भांडी किंवा डाग (दागिना) देणारा जवळचा सोयरा. मामाचा आहेर बहुधा वेगळा ओळखू येतो, आणि त्याच्या नावापुढचं गाव म्हणजे नवऱ्यामुलाच्या किंवा मुलीच्या आईचं माहेर. सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची आपल्याकडची पद्धत इथे कामी येते. घरात जिला सगळे 'चोपडावाली' म्हणत, तिच्या भावाचा आहेर चोपड्याच्या नावाखाली शोधा.

पत्रिकेवर जिल्हा कसा लिहिलाय ते पाहा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९६० च्या सुमारास त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. 'जि. पू. खा.' असेल तर पत्रिका साधारण या दोन टप्प्यांमधली. 'जि. नंदुरबार' असेल तर १ जुलै १९९८ नंतरची. तालुकाही तपासा. तुमचं धरणगाव जुन्या कागदांत एरंडोल तालुक्यात दिसेल आणि मुक्ताईनगर 'एदलाबाद' म्हणून येईल. गावाच्या नावापुढचं 'प्र.' कधी गाळू नका. शिरसोली प्र.बो. आणि शिरसोली प्र.न. ही दोन वेगळी गावं आहेत, हा 'प्र.' जुन्या परगण्याचा. खुर्द-बुद्रुकचंही तसंच.

साल नसलं तरी तिथी आणि वार असतो. समजा 'वैशाख वद्य ७, शुक्रवार' आहे. जुनी पंचांगं घेऊन संशयाच्या दहापंधरा वर्षांत ही तिथी शुक्रवारी कधी आली ते पाहा. दोनतीनच सालं उरतात. तिथी सूर्योदयाची धरतात, त्यामुळे एका दिवसाचा फरक सोडून द्या. मग 'कै.' पाहा. निमंत्रकांत आजोबांच्या नावामागे 'कै.' आहे की नाही, आणि कोतवाल बुकात त्यांचा मृत्यू कधीचा आहे, यावरून उरलेल्या सालांतलं एक बहुधा निश्चित होतं. सिंहस्थात पुष्कळ घरं लग्न टाळत. १९५६, १९६८, १९८० ही नाशिकच्या सिंहस्थाची सालं. त्या वर्षाच्या आसपासची तारीख निघाली तर पुन्हा एकदा तपासा.

तोंडी आठवणीही टाकाऊ नाहीत, त्यांना खुंटी हवी. 'आखाजीच्या दुसऱ्या हप्त्यात', 'मानमोडीच्या आदल्या साली' असं म्हातारी माणसं सांगतात ते जसंच्या तसं लिहून घ्या. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ. तुम्ही स्वतःच साल काढून तेवढंच लिहिलंत तर पुढच्याला तपासायला काही उरत नाही.

प्रश्न : आम्ही शहादा भागातले गुजर. भाटाच्या (वंशावळ लिहिणाऱ्याच्या) वहीत पणजोबांचं लग्न 'संवत १९७० वैशाख' आहे. ५७ वजा करून १९१३ आलं, पण दुसऱ्या कागदात शके १८३६ आहे, त्यात ७८ मिळवले की १९१४ येतं. कोण चुकलं?

कोणीच नाही. गुजराती संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेकडचा चैत्रात. कार्तिकादी संवत १९७० सुरू झाला १९१३ च्या दिवाळीनंतर, म्हणून त्यातला वैशाख १९१४ चा. चैत्रादी संवत १९७० सुरू झाला १९१३ च्या चैत्रात आणि त्यातला वैशाख १९१३ चाच. चैत्र ते आश्विन या सात महिन्यांत दोन्ही पद्धतींत एका वर्षाचा फरक पडतो, आणि आपल्याकडची बहुतेक लग्नं नेमकी त्याच काळातली. तुमच्या भाटाचा संवत कार्तिकादी आहे, ५६ वजा करा, शकाशी जुळतं.

मारवाडी घरांच्या कागदांत आणखी एक फरक सापडेल. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा जेठ वदी ५ म्हणजे आपला वैशाख वद्य ५. शुद्ध पक्षात फरक नाही, वद्य पक्षात महिन्याचं नाव एकने पुढे असतं.

भाटाच्या वहीबद्दल आणखी सांगायला हवं, कारण गुजर, लेवा, राजपूत घरांत ती फार मोलाची आहे. भाट काही वर्षांनी एकदा फेरी करतो आणि मधल्या काळातली लग्नं, जन्म एकदम लिहून घेतो. म्हणून कोण कोणाचा मुलगा, कोणती सून कोणत्या गावच्या कोणत्या कुळातली, हे भरवशाचं, तारीख कच्ची. मुलींची नावं अनेकदा नसतात. भाट आला की बिदागी द्या, मान ठेवा आणि आपल्या कुळाची पानं त्याच्यासमोर, त्याच्या परवानगीने फोटो काढून घ्या. वाचूनही त्याच्याकडूनच घ्या, कारण लिपी आणि खुणा त्याच्या घराण्याच्या असतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचं गणित याच्या उलट. तिथे नोंद त्या दिवशी, आलेल्या माणसाच्या तोंडून किंवा हस्ताक्षरात होते. तारीख पक्की, पण ती अस्थिविसर्जनाची किंवा यात्रेची. त्यात बायकोचं नाव असेल तर 'या दिवसाआधी लग्न झालं होतं' एवढं सिद्ध होतं. जाताना मूळगाव, जात आणि कूळ सांगता आलं पाहिजे. नुसतं 'पाटील' सांगून काही निघणार नाही. खानदेशात पाटील, महाजन, चौधरी ही मानाची नावं अनेक जातींत आहेत. पवार, निकम, सूर्यवंशी असं खरं कूळ आधी घरात विचारून घ्या.

प्रश्न : पणजोबांच्या बायकोचं नाव एका फेरफारात सखूबाई, दुसऱ्यात लक्ष्मीबाई. एकच बाई की दोन?

तीन शक्यता आहेत. लग्नात नाव बदललं असेल आणि माहेरच्या कागदात जुनं, सासरच्या कागदात नवं नाव असेल. हे सर्वांत जास्त आढळतं. दुसरी, दोन बायका असतील. मुंबई इलाख्यात हिंदूंना दुसरं लग्न बंद करणारा कायदा १९४६ चा, त्याआधी ते कायदेशीरच होतं. तिसरी, पहिली वारल्यावर किंवा काडीमोड झाल्यावर पाट (विधवेशी किंवा काडीमोड झालेल्या बाईशी लग्न) लावला असेल.

निवाडा मुलांच्या जन्माच्या नोंदींवरून करा. प्रत्येक मुलाची कोतवाल बुकातली नोंद काढून आईचं नाव, जिथे दिलं असेल तिथे, ओळीने मांडा. नाव एका ठिकाणी कायमचं बदललं आणि त्याच सुमारास मृत्यूच्या पानांवर पहिलं नाव सापडलं, तर दुसरं लग्न. नावं आलटून पालटून येत असतील तर एक तर दोन्ही बायका एकाच वेळी नांदत होत्या, नाहीतर एकाच बाईला दोन नावं होती. मग बाईच्या माहेरचा फेरफारच सांगेल.

पाटाचं लग्न लपवायची वृत्ती घराघरांत दिसते, म्हणून तोंडी वंशावळीत ते गळतं. सोडचिठ्ठी किंवा फारकतीचा स्टँप घरच्या कागदांत मिळाला तर तो जपा, लाजून फाडू नका. त्यात पहिल्या नवऱ्याचं नाव, गाव आणि तारीख अशी माहिती असते जी दुसरीकडे कुठेच नसते. पेशवाईत पाटाच्या लग्नावर 'पाटदाम' नावाचा कर होता आणि त्याचे उल्लेख मोडीतल्या जुन्या हिशेबांत येतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी दप्तरं आहेत, पण तिकडे जायचं ते गाव आणि घराणं नक्की ठाऊक झाल्यावर.

प्रश्न : निकाहची नोंद कुठे मिळेल? (रावेर)

ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या दफ्तरात. काझीपद बऱ्याच गावांत एकाच घराण्यात चालत आलंय, तेव्हा आज गादीवर असलेल्यांकडे चौकशी करा. गाव सोडून गेले असतील तर दफ्तरही सोबत गेलेलं असतं. नोंदीत दोघांची वडिलांसह नावं, मेहेरची रक्कम, वकील आणि गवाह असतात. निकाह सहसा वधूच्या गावी होतो, म्हणून शोध तिकडून सुरू करा. तारीख हिजरी असेल तर ठोक आकडा मिळवू-वजा करू नका. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, तक्ताच वापरा.

प्रश्न : आजोबा भुसावळला रेल्वेत होते, लग्न चर्चमध्ये झालं. कोणत्या चर्चमध्ये ते ठाऊक नाही.

तुमचं काम इतरांपेक्षा सोपं आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने नोंद सक्तीची होती आणि प्रती वर पाठवाव्या लागत. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या मालिकेत १९४८ पर्यंतच्या आहेत. नोंदीत वय, व्यवसाय, दोघांच्या वडिलांची नावं, लग्न बॅन्सने (चर्चमध्ये आधी जाहीर करून) की लायसन्सने (परवान्याने), आणि साक्षीदार हे सगळं मिळतं. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या लग्नांसाठी याच कायद्यात वेगळा भाग आणि वेगळी वही होती. एका वहीत नाही मिळालं तर दुसरी मागा.

कुटुंब कॅथलिक असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीकडे जा. १९०८ पासून लग्न कुठेही झालं तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवून तिथल्या नोंदीच्या समासात लिहायचा नियम आहे. त्या समासातल्या एका ओळीवरून लग्नाचं चर्च आणि तारीख दोन्ही कळतात.

प्रश्न : आम्ही धडगावकडचे पावरा. आमच्यात ना पत्रिका ना भटजी. काय शोधावं?

लग्न पंचांसमोर ठरतं, देज (मुलीच्या घरी द्यायची रक्कम) ठरतं आणि कागद होत नाही. हिंदू विवाह कायदाही अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. तरी कागद आहेत, फक्त ते लग्नाच्या नावाने नाहीत. घरात कोणाचं जात वैधता प्रमाणपत्र झालं असेल तर ती संपूर्ण फाइल मागून घ्या. तिच्यात शपथपत्रावरची वंशावळ आणि ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे जोडलेले असतात. वनहक्क दाव्याच्या फाइलीत नवराबायको दोघांची नावं असतात. सरदार सरोवरात गेलेल्या ३३ गावांपैकी तुमचं गाव असेल तर पुनर्वसनाच्या यादीत कुटुंबागणिक नावं मिळतील. फक्त वंशावळीत बहुधा पुरुषच असतात, हे विसरू नका. बायकांची नावं आणि त्यांची गावं आजच, म्हातारी माणसं आहेत तोवर, तोंडी विचारून लिहून ठेवा. घरजावई कोण होता हेही विचारा, नाहीतर पुढे कूळ चुकीच्या गावाला जोडलं जातं.

प्रश्न : बौद्ध पद्धतीच्या लग्नाची नोंद असते का?

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या लग्नांची असू शकते. भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांनी लग्न लावलं असेल तर महासभेचं विवाह प्रमाणपत्र दिलेलं असतं. घरात नसेल तर त्या वेळच्या तालुका किंवा जिल्हा शाखेकडे विचारा. दीक्षेच्या आधीच्या लग्नांसाठी वर सांगितलेले फेरफार आणि शाळेचे दाखलेच उपयोगी. तिथे जात आणि आडनाव वेगळं दिसू शकतं, दोन्ही जसंच्या तसं उतरवा.

प्रश्न : कार्यालयात अर्ज केला की 'सापडत नाही' म्हणतात. अर्ज कसा करावा?

'आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी' असं कधी लिहू नका, त्याचं उत्तर नकारार्थीच येतं. एका अर्जात एकच कार्यालय, एकच गाव, एकच नोंदवही आणि पाच वर्षांपर्यंतचा काळ मागा. फेरफार क्रमांक किंवा सर्व्हे नंबर ठाऊक असेल तर तो पहिल्या ओळीत लिहा. आधी साध्या नकलेचा अर्ज करा. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज द्या. पानामागे २ रुपये पडतात आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. त्यात 'नोंदवही प्रत्यक्ष पाहू द्यावी' अशी मागणी जरूर घाला, कारण नावाची एक वेलांटी चुकली तरी कारकुनाला नोंद सापडत नाही आणि तुम्हाला ओळखू येते. दप्तर मोडीत असेल तर वाचणारा सोबत न्या. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून पुष्कळ जुनी दप्तरं स्कॅन झाली आहेत. अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचं पान आहे का ते पाहून घ्या.